मगदूम मॅडमनी पुन्हा तपासलेला नमुना

आमच्या प्राध्यापक डॉ. वासंती मगदूम यांना मी प्रथम भेटले ती सांगलीत, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, रडवेल्या चेहऱ्याने. उंब्रजहून नुकतीच आलेली मी काचेच्या नळीत सिलिका भरून पालकाच्या अर्कातले रंग वेगळे करत होते. वरचा द्रावक संपल्याचं लक्षात आलं नाही. नळीतला सिलिकाचा थर, म्हणजे कॉलम, कोरडा पडला, त्याला मधोमध भेग गेली. मॅडमनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, “नवा भरू या. घाई करायची नाही.” दुसऱ्या वेळी पिवळा पट्टा पुढे सरकला, हिरवा मागे राहिला. “सिलिकेला जो कमी चिकटतो तो द्रावकाबरोबर आधी बाहेर पडतो, जो जास्त चिकटतो तो उशिरा. मुळात एवढंच आहे,” त्यांनी सांगितलं. पुढे जाडजूड पुस्तकं वाचली, पण माझा पाया त्या दुपारचा.

मॅडमचं घर जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवण. साडेपाचला त्या व्हरांड्यात डबा उघडत. त्यात नेहमी दोन भाकरी जादा असत. वसतिगृहातल्या आम्हा मुलींसाठी त्या आणल्या आहेत, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

निवृत्तीनंतर माधवनगरजवळच्या एका खासगी प्रयोगशाळेत त्या सल्लागार म्हणून येऊ लागल्या. मी तिथेच नोकरीला होते. तासगावच्या शेतकरी शेवंताक्कांच्या बेदाण्याचा नमुना मी गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे कोणता पदार्थ किती वेळाने बाहेर पडतो ते आलेखावर दाखवणाऱ्या यंत्रावर, चालवला. आलेखावर एक शिखर बरोबर एका बंदी असलेल्या कीटकनाशकाच्या वेळेला आलं. मी तसा अहवाल लिहिला. मॅडमनी माझ्यावर विश्वासून सही केली. व्यापाऱ्याने माल नाकारला.

तिसऱ्या दिवशी शेवंताक्का स्वतः आल्या. “बाई, त्ये औषध म्या हातात बी धरलं न्हाई. तुमचं यंत्र काय म्हणतंय त्ये मला कळत न्हाई. पर समदं गाव आता आमच्या शेडकडं बोट दावतंय.”

यंत्र चुकत नाही, असं मी सांगू लागले. मॅडमनी मला थांबवलं. “एकाच वेळेला स्टँडवर उतरले म्हणून दोघं एकच माणूस होतात का? राखीव नमुना काढ. वेगळ्या प्रकारच्या कॉलमवर चालवू.”

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी यंत्रापुढे बसलो. नव्या कॉलमवर कीटकनाशकाचं शिखर एका वेळेला आलं, आक्कांच्या बेदाण्यातलं दुसऱ्याच. पदार्थ वेगळा होता. चूक माझी होती.

“फोन करून कळवते,” मी म्हणाले.

“नको. आपण जाऊ.”

दुसऱ्या दिवशी भर उन्हात एस.टी.ने आम्ही तासगावला गेलो. व्यापाऱ्यासाठीचं पत्र मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहून आणलं होतं. बेदाण्याच्या शेडमध्ये शेजारची चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखत मॅडमनी हात जोडले. “आक्का, तुमच्या मालात काही नव्हतं. अहवालावर सही माझी होती. चूक आमची.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

शेवंताक्का डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, “आवं, ह्यासाठनं यवढ्या उनातनं आलासा व्हय? बसा. च्या ठेवते.”

त्याच आठवड्यात व्यापाऱ्याने माल उचलला. परतीच्या गाडीत मात्र मला रडू आवरेना. नोकरी सोडावी, असंच मनात होतं. मॅडमनी खिडकीची जागा मला दिली आणि तासगाव मागे पडेपर्यंत माझा हात हातात धरून बसल्या. उपदेश काही केला नाही. उतरताना एवढंच म्हणाल्या, “उद्या सकाळी दोन नमुने येणार आहेत. तूच चालव.”

त्या वाक्यावर मी आजपर्यंत या कामात टिकून आहे. मॅडमच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाजवळ असं एखादं वाक्य असेल.

मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आहे, गुडघे अधूनमधून कुरकुरतात. ते गुडघे साथ देवोत, नजर अशीच स्वच्छ राहो आणि शंभरीचा पेढाही आम्हाला त्यांच्याच हातून मिळो. मॅडम, तब्येतीला जपा. आम्हाला तुम्हाला अजून बरंच विचारायचं आहे.