बांध हिचा, दिवस माझा

नाही गं, ती बाई टूरवाल्यांबरोबर आलीच नव्हती, तेच तर सांगतेय तुला. टूरवाले बंदराजवळच्या हॉटेलात कोळंबी खातात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या बोटीने परत जातात. मित्सुए एकटी आली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, पाठीला पिशवी लावून, तिच्या बेटावरून आपल्या बेटावर, आणि कशाला, तर लुआनकडे एकदा जेवायला. लिही नीट. मी भरकटले तर हटकू नकोस, येते मी आपली परत.

लुआनला तू डोक्याला फडकं बांधून, नाकातोंडावरून गुंडाळून ओहोटीला जाताना बघितलंयस. पण एकोणीस वर्षांची होती तेव्हा ती जपानातल्या इशिगाकी बेटावर गेली होती, अननसाच्या कारखान्यात. तेव्हा तैवानातून पुष्कळ पोरी जायच्या. दिवसभर अननस सोलून डब्यात भरायचे. हाताची सालं निघायची, आणि रात्री उशीसुद्धा अननसाच्या वासाची. लुआनला तिथलं काही गोड लागेना. पंधरा दिवसांत निम्मी झाली. तिच्या शेजारी उभी राहून डबे भरायची ती मित्सुए, तिथलीच पोर. तिने एका सुट्टीच्या दिवशी लुआनचा हात धरला आणि सरळ घरी नेलं.

मित्सुएच्या आईने माकुलीचं काळं सार केलं होतं, शाई घालून करतात ते. लुआनने असलं कधी पाहिलं नव्हतं. आधी नाक मुरडलं, मग तीन वाट्या प्यायली. ओठ काळे, दात काळे. सगळं घर तिच्याकडे बघून हसलं आणि ती त्यांच्याकडे बघून. मित्सुएचा बाप म्हणाला, "आमच्या स्वतःच्या जाळ्यातली माकूल आहे, पोरी. म्हणून ही चव."

आणि तिथे लुआनची जीभ घसरली. म्हणाली, "आमच्याकडे समुद्रात दगडी बांध आहे. भरतीला मासे आत येतात, ओहोटीला अडकतात. माझा स्वतःचा बांध आहे. मित्सुए, तू ये, त्यातली मासळी मी तुला जेवायला घालीन."

कसला स्वतःचा? तिच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचा वाटा केव्हाच काकाकडे गेला होता. आठ वाटेकऱ्यांचा बांध, आठही पुरुष. बाईने तिथे जायचं ते टोपल्या वाहायला. पण बोलली खरी, आणि ते बोलणं बरोबर घेऊनच घरी आली.

दोन वर्षांनी मोठं वादळ झालं. बांधाचं आतलं वळण, जिथे मासे गोळा होतात ते, पार उलथून पडलं. वाटेकऱ्यांतले पाच जण काऊशुंगला बोटींवर कामाला गेलेले, उरलेले म्हणाले, जाऊ दे. लुआन म्हणाली, मी लावते दगड. हसले सगळे. उधाणाच्या ओहोटीला चार दिवस मिळतात, तेवढ्यातच काम होतं, आणि तेही थंडीत, त्या उत्तरेच्या वाऱ्यात, जो उभ्या माणसाला आडवा करतो. दोन हिवाळे पहार घेऊन ती पाण्यात जायची. मी तिला आल्याचं गरम पाणी नेऊन द्यायचे, तर म्हणायची, "ओत पायावर, पोटात नको." दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी वळण उभं राहिलं. मग देवळातल्या म्हाताऱ्यांनी वाटेकऱ्यांच्या यादीत तिच्या काकाचं नाव खोडून हिचं लिहिलं.

त्या दिवशी आठांतलाच एक वाटेकरी, बुनसेंग, सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईच्या हातची चिठ्ठी वाऱ्याने उडेल." आपल्याकडे पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या काढतात ना, बांधातले मासे धरायचा कुठला दिवस कोणाचा ते ठरवायला, त्यावरून. लुआनने ते मनात धरलं ते धरलंच. चाळीस वर्षांहून जास्त एकाच बांधावर दोघं, पण बोलायचं ते टोमण्यापुरतं. त्याच्याकडे तिने कधी काडीपेटीसुद्धा मागितली नाही.

तर गेल्या वर्षी मित्सुएचं पत्र आलं. चौथ्या महिन्याच्या तीन तारखेला येते, असं. लुआन पत्र घेऊन धावत आली माझ्याकडे. "अगं, चौथ्याची तीन! माझाच दिवस. आणि तीनला उधाण. हिला कोणी सांगितलं?" मलाही वाटलं, देवानेच जमवलं. आता तू हसशील. आपल्याला तारीख म्हणजे चंद्राचीच. भरती चंद्रावर, देवाचे दिवस चंद्रावर, कोण कधी जन्मलं तेही चंद्रावर. कागदाच्या कॅलेंडरवरची तारीख कोणाच्या डोक्यात येते? मित्सुएने मात्र तीच लिहिली होती, तीन एप्रिल.

म्हणून लुआनच्या हिशेबाने एक महिना आधी, लुआन मळ्यात भुईमूग पेरत होती, हात मातीचे, आणि बंदरावरून फोन, "मी आले." आपल्याकडे तेव्हा तिसऱ्या महिन्याची पहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटी चांगली होती, उधाण होतं, सगळं होतं. फक्त दिवस बुनसेंगचा होता. आणि दुपारी जेवून मित्सुए तीनच्या बोटीने परत जायची होती.

त्या संध्याकाळी लुआन माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली. मी म्हटलं, "बाजारातून माकूल आणू. तिला काय कळणार?"

"एकदा खोटं बोलले तिच्याशी. आता त्याच खोट्याचं जेवण घालू?"

"मग बुनसेंगकडे जा."

"त्यापेक्षा उपाशी ठेवीन."

"पन्नास वर्षांनी आलेल्या बाईला?"

उठली. तशीच निघाली. दुसऱ्याच्या दिवशी बांधाच्या पाण्यात बोट घालायचं नाही हे तुला माहीत आहे. ज्याचा दिवस त्याने आपली टोपली भिंतीवर उलटी ठेवली की मगच बाकीच्यांनी आत उतरायचं, आणि तोवर काही उरत नाही. पण जो जाळं ओढायला मदत करतो त्याला एक ओंजळ मासळी निवडून घेता येते. ते लुआन मागायला गेली. ज्या बांधाची ती वाटेकरीण, त्या बांधावर मदतनीस म्हणून.

बुनसेंग दारात पाय धूत होता. ऐकून म्हणाला, "चाळीस वर्षं बांध सांभाळतेस आणि तारीख वाचता येत नाही?"

"तुला येते तर तू वाचून द्यायची होतीस."

"मला दाखवलीस कुठे?"

"येऊ का नको, ते सांग. पाय नंतर धू."

"पाचला निघतो. उशीर केलास तर थांबणार नाही."

"तू कधी वेळेवर निघालायस?"

पहाटे मित्सुएही निघाली. लुआनने तिला आपले जुने बूट दिले, डोक्यातोंडाला फडकं बांधलं. मी पाहिलं तर दोघी एकसारख्या, कोण कुठली ते ओळखू येईना. बुनसेंग कुरकुरला, "आता पाहुण्यांचीसुद्धा सहल माझ्या दिवशी." पण हळू चालला, तिला पाठीमागे येता यावं म्हणून.

पाणी उतरलं होतं. भिंत वर आलेली, काळी, ओली, लांबच लांब. मित्सुए थांबली. भिंतीवर हात ठेवला, लुआनकडे बघितलं आणि त्यांच्या त्या कारखान्यातल्या मोडक्या बोलीत विचारलं, "तुझा?"

लुआनच्या हातात जाळं दुसऱ्याचं, दिवस दुसऱ्याचा. पन्नास वर्षांपूर्वी जे ओठांवरून सहज गेलं ते आता तिला म्हणवेना. तिने मान हलवली आणि म्हणाली, "आज माझा नाही. आज मी मदतीला आले."

बुनसेंग पुढे चालला होता, तो मागे वळला. तो तरुणपणी जपानच्या बंदरांतून हिंडलेला, त्याला ती भाषा येते. तो मित्सुएला म्हणाला, "बांध हिचा. दिवस तेवढा माझा आहे."

मग तिला वळणापाशी घेऊन गेला. म्हणाला, "हे बघा बाई, आमच्या बापांनी दगड आडवे टाकलेत. दर वादळात पडतात. हिने उभे लावलेत, पातळ कड लाटेकडे करून. तेव्हा आम्ही हसलो होतो, असा दगड कोणी लावतं का म्हणून. एकही हललेला नाही अजून." आणि लुआनकडे न बघता, "हात जड आहे हिचा. पोरांना मारायला बरा नव्हता, दगडांना बरा."

लुआन म्हणाली, "जाळं ओढ आता, पाणी चढेल."

"पहिलं तू ओढ. माझी कंबर दुखते."

कंबर कसली दुखते, सोड. तिने पहिलं जाळं ओढलं. तारली चमचम करत होती आणि मधोमध तीन मोठ्या माकुली, शाई सोडणाऱ्या. ओंजळीत तिन्ही मावतात का? बुनसेंग म्हणाला, "तुझी ओंजळ मोठी आहे, मला माहीत आहे," आणि दुसरीकडे बघत बसला.

दुपारी लुआनच्या अंगणात जेवण झालं. लाल भोपळा घालून शेवया, सुकी कोळंबी, सुक्या तारलीचा, रताळ्याचे काप घातलेला पातळ भात. आणि माकूल. लुआनने तिचं काळं सार केलं. आपल्याकडे शाई धुवून टाकतात, हिने ठेवली. पन्नास वर्षांपूर्वीची चव आठवून आठवून केलं आणि जरा खारट झालं. मित्सुएने एक वाटी प्यायली, दुसरी प्यायली, तिसरी मागितली. मग दोघींनी एकमेकींचे दात बघितले.

बुनसेंगलाही बोलावलं होतं. तो नुसत्या शेवया खाऊन म्हणाला, "हे काळं गटारासारखं दिसतंय." आणि वाटी पुढे केली.

तेव्हा लुआनने सांगून टाकलं. हातातल्या जेवायच्या काड्या बाजूला ठेवून म्हणाली, "मित्सुए, तुमच्या घरी बोलले तेव्हा माझा बांध नव्हता. वाटासुद्धा नव्हता. खोटं बोलले होते."

मित्सुए म्हणाली, "माहीत होतं. तुझ्या खोलीतल्या पोरीने त्याच आठवड्यात सांगितलं मला."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, पाणी कुठून आत येतं, मासा कुठे वळतो, दगड कुठे कमी पडतात, एवढं नीट सांगणारी पोर थाप मारत नसते. तिला ते हवंय. आज ते असते तर तुझे दगड मोजत बसले असते."

 लुआनने शेवयांचं पातेलं उचललं आणि बुनसेंगच्या ताटात न विचारता वाढलं. इतकं वाढलं की तो म्हणाला, "मारणार आहेस का मला?" मी लुआनला इतकी वर्षं ओळखते, पण तिला इतकी ताठ बसलेली तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. म्हातारपणाने वाकलेली पाठ, पण सरळ.

बोट तीनची होती. बुनसेंग स्वतःच्या गाडीवरून मित्सुएला सोडायला गेला, आणि पिशवीत वाळवलेल्या तारलीची पुडी टाकून आला. लुआनने दिली, असं सांगितलं त्याने. लुआनने दिलेली नव्हती.

आता हे सगळं लिहिलंस ना? मग खाली एवढं लिही आणि तुझ्या फोनवरून मित्सुएच्या नातीला पाठव. सांग की यंदाच्या चिठ्ठ्या निघाल्या. लुआनचा दिवस तिसऱ्या महिन्याच्या दोनला आहे, आणि उधाण आहे. सारात मीठ कमी घालणार आहे. पण तारीख दोन्ही लिही, चंद्राची पण आणि कागदाची पण, आणि बुनसेंगकडून तपासून घे आधी.