गुस्ल देणारी सकिनाखाला

सकिनाखाला मेलेल्या बायकांशी बोलायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या सासूबाई गेल्या त्या सकाळी. लग्न होऊन महाडहून भिवंडीत आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. मागच्या अंगणात चादरींचा आडोसा केला होता, चुलीवर पाण्यात बोरीचा पाला उकळत होता आणि त्या वाफेत, कापराच्या वासात, एक ठेंगणी बाई सासूबाईंच्या कानाशी वाकून म्हणत होती, "आता उजवा हात दे गो. अस्सा. पाणी लय गरम न्हाय ना? मी बघितलंय हात घालून." शेजारच्यांनी मयतामुळे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद ठेवले होते. इतकी शांतता भिवंडीत मी पुन्हा क्वचितच ऐकली. क्षणभर मला खरंच वाटलं, सासूबाई आता कूस बदलतील.

आमच्या मोहल्ल्यात बाई वारली की गुस्ल, म्हणजे दफनाआधीची अंघोळ, सकिनाखालाच द्यायची. साऱ्या मोहल्ल्याची खाला, म्हणजे मावशी; तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि गोधड्या शिवायची. मी शिकवायचे ती शाळा सुटली की मी तिच्या ओट्यावर जाऊन टेकायचे. लूममधून उडालेली रुई उन्हाच्या तिरिपेत तरंगत यायची आणि तिच्या केसांवर बसायची. ती झटकायची नाही. "बसू दे. दमली असंल," म्हणायची. त्या ओट्यावर दुपार कधी सरायची ते कळायचंच नाही.

बायका तिला खोदून विचारायच्या, अमकी इतकी कशानं वाळली होती, तमकीच्या अंगावर काय होतं. खालाचं उत्तर ठरलेलं असे, "मी धुतलं, पाण्यानं नेलं." मयताच्या अंगावर जे दिसेल ते झाकावं, असा आमच्यात दंडकच आहे. तो तिच्याइतका कुणी पाळला नसेल.

गुरुवारी बायका आमच्या घरी दरूद, म्हणजे पैगंबरांसाठीची दुआ, पढायला जमत. एकदा नमाजाच्या आधी वजू करताना, हात-तोंड धुताना, नसीमाने बाह्या वर सारल्या. नसीमा म्हणजे युसुफची बायको, विशी नुकतीच ओलांडलेली. तिचे दोन्ही दंड काळेनिळे होते. एकीने झटकन तिची बाही खाली ओढली. हाजियानीचाची, म्हणजे जमातीच्या प्रमुखांची बायको, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सबर कर बेटी. घरची बात घरात ठेवावी. युसुफ काय वाईट माणूस हाय?"

तो वाईट आहे असं कुणीच म्हटलं नसतं. दंगलीच्या दिवसांत त्याने घरोघरी पीठ-तांदूळ पोचवले होते. मशिदीच्या प्रत्येक कामात तो पुढे असायचा. म्हणूनच नसीमा कुणाला काही सांगू शकत नव्हती.

सकिनाखालाने तांब्या उचलला, नसीमाची बाही पुन्हा वर केली आणि अगदी बारीक धारेने पाणी घालत राहिली. मग विचारलं, "दुखतं काय गो?" नसीमा तिच्या गळ्यात पडून रडली. त्या दिवशी ती घरी गेलीच नाही. खाला तिला आपल्या खोलीवर घेऊन गेली.

तीन-चार दिवसांनी जमात, म्हणजे मोहल्ल्याची पंचायत, बसली. बायका तिथे जात नसत. खाला गेली, आणि सोबत म्हणून मला घेऊन गेली. आम्ही दाराशीच उभ्या राहिलो. जमातीचे प्रमुख हाजीसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "युसुफने जबान दिली आहे, पुन्हा हात उचलणार नाही. पोरीला घरी धाड, सकिना. जमातीची बदनामी होते."

खालाने पदर डोक्यावर सारखा केला. "मयताचं झाकायला मला सांगितलंय. ते मी जलमभर झाकलं. जित्या बाईच्या जखमा झाकायला कुठं सांगितलंय, तेवढं दाखवा."

कोपऱ्यात बसलेले म्हातारे इमामसाहेब हळूच म्हणाले, "कुठंच नाही."

"तू आमच्यावर आरोप करतेस?" युसुफचा भाऊ उठला.

"मी काय करते? आज हिला परत धाडाल, आणि एक दिवस हिच्या गुस्लाला मलाच बोलवायला याल. तवा मी येणार न्हाय. हे आताच सांगून ठेवते."

परतताना मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "लय जणी माझ्या हाताखालून गेल्या गो. त्यांना काय इचारणार? ही अजून बोलते हाय."

पुढची दोन वर्षं जमातीने तिला बोलावलं नाही. गुस्ल द्यायला कल्याणहून कुणी बाई यायची. वाटेत ओळखीच्या बायका नजर चुकवायच्या. युसुफ मशिदीत पहिल्या रांगेत बसायचा तसाच बसत राहिला. इमामसाहेबांनी मात्र खटपट करून नसीमाला खुला, म्हणजे बाईने मागितलेली फारकत, मिळवून दिली. नंतर तिने पडघ्याच्या एका शिंप्याशी निकाह केला. मीच एकदा चिडून म्हणाले, "खाला, या लोकांच्या दारात आता पाऊल टाकू नकोस." ती हसली. "माझीच माणसं हायत. रुसली म्हणून काय परकी झाली? बोलावतील तवा जाईन." बोलावलं, तेव्हा ती गेलीही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, एका हिवाळ्यात, दुपारच्या झोपेतच ती गेली. तिला गुस्ल नसीमाने आणि मी दिला. जनाजा उठला, माणसं कबरस्तानाकडे गेली आणि गल्ली रिकामी झाली. बायका हाजियानीचाचीच्या घरी बसल्या होत्या. चाचीची सून मात्र बाह्या पार मनगटापर्यंत ओढून आतल्या खोलीत बसली होती. चाची आता थकली होती. ती सरकत सरकत नसीमाजवळ आली.

"बेटी, तवा आमचं चुकलं. माफ कर."

नसीमाच्या आवाजात राग नव्हता.

"माझं झालं, चाची. तुमची सून आत एकटी बसलीय, सकाळपासून कुणाशी बोलली नाही. तिला विचारा, बरी आहेस का."

चाचीने आतल्या दाराकडे पाहिलं. मग भिंतीला हात टेकून ती उठली आणि आत गेली.