नाल्याच्या अलीकडची खूण

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या बाईंना सगळे सुईताई म्हणत. लॅबने दिलेल्या फोनात बोलण्यापुरतंच पॅक, नेट नाही. म्हणून दिरांनी घरच्या वायफायवर नकाशा उतरवून दिला होता. "वहिनी, नेट नसलं तरी निळा ठिपका चालतो. तुम्ही फक्त खुणा करून ठेवा."

ताई खुणा करत, पण त्यांच्या पद्धतीने. रक्त घ्यायचं, खाली यायचं, नळ्या स्कूटरच्या डब्यात बर्फात ठेवायच्या आणि मग निवांतपणे खूण. म्हणजे खूण घराची नसायची, स्कूटरची असायची.

आज तीच नडली. नाल्यापलीकडे राहणाऱ्या, मधुमेह असलेल्या एका आजोबांचं परवा डोळ्याचं ऑपरेशन. उपाशीपोटीचा रिपोर्ट आज गेला नाही तर तारीख जाणार, आणि ती सहा महिन्यांनी मिळालेली. ताई पोहोचल्या, ठिपका खुणेवर चढून बसला, आणि समोर नाला! मागच्या खेपेला स्कूटर इथेच ठेवायला लावून आजोबांच्या मुलाने ताईंना पायपुलावरून पलीकडे नेलं होतं. आता पूल नव्हता, दोन गंजके खांब होते. नकाशाही नाल्यापर्यंतच उतरवलेला. पुढे नुसता करडा चौकोन.

"देवा, आता तूच बघ," म्हणत त्यांनी फोन लावला. घरात आजोबा एकटेच.

"सरळ या की."

"कुठून सरळ? मध्ये नाला आहे!"

"मग गिरणीवरून या."

"गिरणी कुठे आहे?"

"पाडली ना ती. चार वर्षं झाली."

ताईंनी स्कूटर वळवली. एक गल्ली भिंतीला भिडली, दुसरी गोल फिरून पुन्हा नाल्यावर. घड्याळात सव्वादहा. पुन्हा फोन केला तर आजोबांचा आवाज जड.

"आजोबा, घाम येतोय का?"

"पंखा चालू आहे तरी येतोय. हातही थरथरतोय."

"सकाळची साखरेची गोळी घेतलीत की काय?"

"रोजची आहे, घेतली."

"अहो, उपाशीपोटी गोळी? उठा, चार चमचे साखर खा आधी!"

"नाही खाणार. तारीख जाईल."

"तारीख गेली खड्ड्यात! फोन ठेवू नका. डबा उघडला का? खाताय का?"

बऱ्याच वेळाने चमचा वाजला. "खाल्ली," आजोबा रडवेल्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने हाक दिली, "अहो, मागे फिरा! पेट्रोल पंपाला वळसा घालून या!"

साखर खाल्ल्यावर आजचा उपाशीपोटीचा नमुना तर गेलाच होता, पण म्हाताऱ्याला न बघता जाणार कसं? ताई वळसा घालून पोहोचल्या तेव्हा आजोबा स्वयंपाकघरात बसले होते, मिशीला साखर लागलेली. ताईंनी त्यांचं बोट टोचून यंत्रावर रक्तातली साखर बघितली. आकडा ठीक होता. त्यांनी मनातल्या मनात हात जोडले आणि डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. उद्या दुपारी बारापर्यंत रिपोर्ट आला तर बघू, असं उत्तर आलं.

"उद्या सात वाजता येते. उपाशी राहा, पण गोळी माझ्यासमोर, खाल्ल्यावर."

आजोबा बोटावरच्या लाल थेंबाकडे बघत होते.

"बाई, रक्त निघालंच आहे तर हेच पाठवून द्या की."

"आजोबा!" ताईंनी कपाळावर हात मारला आणि कापसाचा बोळा त्यांच्या बोटावर जरा जोरातच दाबला.