घड्याळजी आणि साडेपाच लिटर तेल

घड्याळजींनी चाळीस वर्षं तेल वापरलं ते सुईच्या टोकावर मावेल एवढंच. एक छोटी बाटली त्यांना दीड वर्ष पुरायची. मुलीच्या एसयूव्हीला एका वेळी साडेपाच लिटर तेल लागतं हे कळलं, तेव्हा ते चक्क खुर्चीत बसले. "एवढ्यात माझी अख्खी हयात निघाली असती, वर उरलं असतं," ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "मग द्या की गॅरेजला. तुम्हाला कोणी आवतण दिलंय?"

कोणीच दिलं नव्हतं, आणि दुखणं नेमकं तेच होतं. लोक वेळ फोनवर बघायला लागले, दुकानात माशा मारत बसायची पाळी आली, आणि दोन वर्षांपूर्वी घड्याळजींनी शटर कायमचं खाली ओढलं. तसं घरात काही कमी नव्हतं, पण रिकामे हात त्यांना चैन पडू देईनात. घरातली बिघडलेली घड्याळं दुरुस्त झाली, मग न बिघडलेलीही झाली. शेवटी बायकोनं स्वयंपाकघरातलं घड्याळ लपवून ठेवलं. अशात त्यांची नजर मुलीच्या गाडीवर गेली. मुलगी जनावरांची डॉक्टर. दिवसभर कच्च्या रस्त्यांनी हिंडायची आणि गाडी धुळीनं माखून यायची. "तेल मी बदलत जाईन," घड्याळजींनी जाहीर केलं, आणि गाडीची पुस्तिका परीक्षेला बसल्यासारखी वाचून काढली.

पहिल्याच खेपेला फजिती झाली. इंजिनाच्या खाली तेल काढायचा एक बोल्ट असतो. तो त्यांनी घड्याळजीच्या हातानं आवळला, म्हणजे बोटांना जरा विरोध लागला की थांबायचं. घड्याळात त्याच्या पुढे गेलं की स्क्रूचं डोकंच हातात येतं. बोल्ट थेंब थेंब गळत राहिला. चौथ्या दिवशी भर रस्त्यात गाडीतला तेलाचा लाल दिवा लागला आणि मुलीनं कुठूनसा डबा मिळवून, तेल ओतून, गाडी कशीबशी घरी आणली. ती चिडली नाही. चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "बाबा, पुढच्या वेळी गॅरेजला देऊ," एवढंच ती म्हणाली. घड्याळजींनी गयावया करून आणखी एक संधी मिळवली. एक थेंब जरी गळला, तरी गाडीला पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरलं.

म्हणून या खेपेला ते जुना फिल्टर पिशवीत घालून स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं तेलाचे दोन फिल्टर पुढे ठेवले. घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं, डोळ्यात बसवलं आणि एकेक फिल्टर फिरवून बघायला सुरुवात केली. आटे बघितले, आतली रबरी झडप बघितली, जुन्याशी उंची ताडून बघितली. मागे चार गिऱ्हाइकं उभी राहिली.

"काका, फिल्टर आहे तो, हिरा नाही," दुकानदार म्हणाला.

"हिऱ्यावाचून कोणाचं अडत नाही. हा बिघडला तर माझी मुलगी रस्त्यात अडकते. याच्या कडेचं रबर एका जागी चपटं आहे बघा. दुसरा द्या."

हवेच्या फिल्टरचंही तेच. दुकानदार धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर गळ्यात मारायला बघत होता. घड्याळजी म्हणाले, "ती रोज धुळीत. धुतलेला वाळेपर्यंत गाडी उभी ठेवू? कागदीच द्या, आणि घड्या एकसारख्या असलेला." दुकानदारानं गुपचूप तिसरा खोका उघडला. त्याच्या कपाळावरच्या आठ्या मात्र घड्याळजी दुकानाबाहेर पडेपर्यंत हलल्या नाहीत.

मुलीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी, त्यांनी अंगणात गाडीची पुढची चाकं लोखंडी उतारांवर चढवली. पांढऱ्या कापडावर पाने, नवा वायसर, फिल्टर, सगळं कामाच्या क्रमानं मांडलं. बायकोनं ते कापड ओळखलं आणि कपाळावर हात मारला; परवाच धुतलेला टेबलक्लॉथ होता. काळंभोर तेल टबात उतरलं. नवा फिल्टर हातानंच बसवायचा असतो, रबर टेकलं की पाऊण फेरा. त्यात घड्याळजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग आला तो बोल्ट. त्यांनी पाना लावला, ओढला, आणखी ओढला, आणि एका जागी त्यांचा हात आपोआप थांबला. पुढे जा म्हटलं तरी जाईना. हे पुरेसं आहे की नाही, हे त्यांना खरोखरच कळेना.

तेवढ्यात मुलगी पायात बूट चढवत बाहेर आली. "बाबा, फोन आलाय. वासरू अडकलंय, गाय दमत चाललीये. मला लगेच निघायला हवं. बोल्ट झाला?"

घड्याळजी गाडीखाली आडवे होते. हो म्हणणं अगदी सोपं होतं. तेल ओतून ती निघून गेली असती, आणि बोल्ट कदाचित टिकलाही असता. नाही म्हटलं तर मात्र ही गाडी आज आपल्या हातून गेली, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"मला खात्री नाही," ते म्हणाले. "माझा हात पुढे जात नाही. तू ओढ."

ती त्यांच्या शेजारी खाली सरकली. वासरं ओढून बाहेर काढणारे तिचे हात. तिनं पाना धरला आणि एक दणका दिला. बोल्ट चांगला पाव फेरा पुढे गेला. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले.

"तुटला?"

"नाही हो बाबा. आता बसला."

मग दोघांनी मिळून तेल भरलं, इंजिन चालू केलं, खाली वाकून बघितलं. कोरडं ठणठणीत. तिनं गाडी उतारांवरून सपाटीवर घेतली. इंजिन बंद करून दोन मिनिटांनी घड्याळजींनी तेल मोजायची पट्टी काढून तेलाची रेघ भिंगातून तपासली आणि मगच तिला चावी दिली. ते कापड गोळा करायला वाकले. गॅरेजचं नाव ती आता काढेल, मग काढेल, असं त्यांना वाटत होतं.

तिनं गाडी सुरू केली आणि काच उघडली. "पुढचं तेल किती किलोमीटरनी?"

"धुळीच्या रस्त्यांना सात हजार, असं पुस्तिकेत—"

"पाच हजार धरू. सुट्टी बघून सांगते, म्हणजे बोल्ट ओढायला मी असेन."

गाडी फाटकाबाहेर गेली. तेल सात हजार सहज टिकलं असतं. पुस्तिका मुलीनंही वाचली होती. चाळीस वर्षं लोकांचा एकेक सेकंद दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी तिची ही दोन हजारांची चूक मात्र दुरुस्त केली नाही.