खिंडीच्या अलीकडे राहिलेली एकादशी

नातीने आपली सॅक आमच्या बैठकीच्या खोलीत आणून जमिनीवर उपडी केली आणि एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवून पुन्हा भरायला घेतली. ती हायडेलबर्गला शिकते. परीक्षा संपवून दोन मैत्रिणींबरोबर पेरूला निघाली होती. अँडीजमध्ये चार दिवस चालायचं आणि इंका लोकांचं ते डोंगरावरचं जुनं शहर, माचू पिचू, गाठायचं. मी इथे जर्मनीतच एश्बॉर्नला माझ्या मुलाकडे, तिच्या वडिलांकडे असते. सोफ्यावर बसून मी गवार मोडत होते आणि तिच्या सामानावर शेरे मारत होते.

"एवढेच मोजे? परत येशील तेव्हा तुला विमानात कोण घेणार?"

ती हसली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं जर्मनमध्ये. मोज्यांची जोडी गुंडाळत म्हणाली, "आजी, आजोबांचे गुडघे जिथे थांबले ना, तिथून पुढचं मी त्यांच्यासाठी चालणार आहे."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

आजोबांच्या गुडघ्यांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ही नात जन्मायच्या आधी आम्ही दोघं, पन्नाशीला टेकलेली, पाठीवर सॅक टाकून त्याच वाटेने निघालो होतो. दुसऱ्या दिवशी ह्यांचे गुडघे गेले आणि माचू पिचू न बघताच आम्ही परत आलो. ही गोष्ट मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सांगायचे, वाढदिवसांना सांगायचे. उठून, कमरेवर हात ठेवून, ह्यांची लंगडी चाल करून दाखवायचे. बायका डोळे पुसेपर्यंत हसायच्या. "भावजी, खरंच असे चालत होतात?" कुणी विचारलं की हे मान डोलवायचे, "गेनाऊ, अगदी असाच." गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात हे गेले, तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी दोघींना रडतानासुद्धा तीच गोष्ट आठवली.

ती गोष्ट खोटी आहे.

ह्यांच्या गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं. झालं होतं ते एका शहाण्या बाईला, म्हणजे मला. आज ती बाई समोर आली तर मी तिला हाताला धरून खाली बसवेन आणि आधी दोन पेले पाणी पाजेन. दुसऱ्या दिवशीची चढण सर्वांत अवघड होती. चार हजार मीटरच्या वरची खिंड, तिच्याकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि खिंडीचं नाव मेलेल्या बाईचं. आणि त्याच दिवशी एकादशी! शहाणी एरवी काही फार देवभोळी नव्हती. गेर्लिंगेनच्या आमच्या जुन्या घरात कितीतरी एकादश्या ब्रेड खाऊन पार पडल्या होत्या. पण अँडीजमध्ये एकादशी केली, हे परत आल्यावर बायकांना सांगायचं होतं. त्यासाठी राजगिऱ्याचे लाडू थेट घरून नेलेले.

सकाळी वाटाड्याने सूप आणलं. किन्वाचं. हे म्हणाले, "अगं, ही राजगिऱ्याचीच बहीण आहे. खा."

"आणि त्यातला कांदा कुणाचा भाऊ?" मी म्हणाले. स्वतःच्या विनोदावर मीच हसले. उपासाचा बटाटा मुळात ह्याच डोंगरातला, तोही तिथे उकडलेला मिळत होता, पण त्याच पातेल्यातला म्हणून नाकारला. उंचीच्या त्रासावर तिथे देतात तो कोकाच्या पानांचा चहा उपासाला चालतो की नाही हे ठरेना, म्हणून तोही नाही. पाणी घोटभरच, कारण वाटेत आडोसा मिळेल याची खात्री नाही. एक लाडू खाऊन शहाणी निघाली.

डोकं पहाटेपासून ठणकत होतं. मी बोलले नाही. आदल्या दिवशी हे धाप लागून दोनदा बसले होते, तेव्हा मी म्हटलं होतं, "आजोबा व्हायच्या आधीच म्हातारे झालात." आता आपण कुठल्या तोंडाने बसणार? हे मागून म्हणत होते, "थांबूया." मी म्हणत होते, "तुम्ही थांबा, मी वर वाट बघते."

खिंड दिसायला लागली तेव्हा मला पायरी दोन-दोन दिसत होती. उलटी झाली. मग मी वाटाड्याला मराठीतून झापायला लागले, की माझा गॅस बंद केलास का. हे मला नंतर कळलं, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की ह्यांनी माझी सॅक सोडवून छातीवर घेतली, स्वतःची पाठीवर होतीच, आणि माझा दंड धरून तोंड उताराकडे वळवलं. वाटाडा म्हणाला असणार, बाईंना माझा माणूस खाली नेईल, तुम्ही पुढे चला. कारण हे इंग्रजीत दोनदा म्हणाले, "नाही, मी हिच्याबरोबर जातो." खाली गावातल्या दवाखान्यात दोन दिवस मी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून पडले. तेवढ्यात आमचा माचू पिचूचा दिवस निघून गेला, आणि मग विमानाचा दिवस आला.

हे इंजिनियर होते. चुना-सिमेंट न घालता रचलेल्या इंकांच्या त्या भिंतींचे नकाशे त्यांनी दोन वर्षं ऑफिसातून आल्यावर जेवणाच्या टेबलावर पसरले होते. जायचं त्यांना होतं. मी शोभेला गेले होते.

परत आल्यावर मंडळात कुणीतरी विचारलं, "मग, कसं होतं?" माझा चेहरा पडलेला बघून हेच पटकन म्हणाले, "माझ्या गुडघ्यांनी दगा दिला हो." सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी गप्प बसले ते एक वेळ समजू शकते. पण पुढच्या गणपतीत मी उठून चाल करून दाखवली, ती मला कुणी करायला सांगितली नव्हती.

हे सगळं मी नातीला सांगितलं. मोजे मांडीवर घेऊन ती ऐकत होती. मधे एकदाही हसली नाही. मी सूपवाला विनोद सांगितला तेव्हासुद्धा.

"पापाला माहीत आहे?"

"नाही."

"आल्झो, म्हणजे मग, आज सांग."

संध्याकाळी मुलगा आला. तो डबा धुवत उभा असतानाच मी सांगितलं. त्याने नळ बंद केला.

"आई, बाबा सत्तराव्या वर्षी चौथ्या मजल्यावर जिन्याने यायचे. लिफ्ट असताना." मग म्हणाला, "मी कधी विचारलंच नाही. गोष्ट इतकी छान सांगायचीस तू."

रागावला असता तर बरं झालं असतं.

जेवण झाल्यावर नातीने फोन काढून टेबलावर ठेवला आणि मला मराठीत विचारलं, अडखळत, "आजोबांना... तिथे काय बघायचं होतं?"

"भिंती," मी म्हणाले. कुठली भिंत, ते माहीत नव्हतं. टेबलावर नकाशे पसरलेले असायचे तेव्हा मी विचारायचे ते एवढंच, की हे उचलणार कधी, पानं घ्यायची आहेत.

मग मला कुस्को शहरातली, चालायला निघायच्या आधीची एक दुपार आठवली. गल्लीतल्या एका भिंतीपाशी हे उभे होते. दोन दगडांच्या सांध्यावर नख फिरवत होते, मग कान लावल्यासारखं डोकं भिंतीला टेकवून ती वर किती आत कललीय ते बघत होते. मी पलीकडच्या दुकानातून तीनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला आले.

"ती गल्ली शोध," मी म्हटलं. "नाही सापडली तर कुठलीही भिंत चालेल. आणि मैत्रिणींनी कितीही हाका मारल्या तरी लगेच हलू नकोस."

तिने ते लिहून घेतलं.