बाजूला सारलेलं ताट

गावच्या दूध संस्थेत माझा एक मित्र दूध तपासायचा. कुणाच्या दुधात पाणी आढळलं, तरी चारचौघांत बोलायचा नाही. दुधातलं पाणी दाखवणारी काचेची नळी फक्त त्या माणसाकडे वळवायचा.

दुष्काळात एकदा मी त्याच्या घरी बसलो होतो. लेकीच्या हातून टँकरच्या पाण्याची भरली घागर सांडली.

"आज हिला जेवण न्हाई!" बायको कडाडली.

लेक बापाकडे बघत राहिली. ताट आलं तेव्हा त्याने ते हळूच बाजूला सारलं.

"तुमाला काय झालं?"

"भूक न्हाई."

बायकोने सारलेल्या ताटाकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "ये गं, बस बापाजवळ. तुज्याबिगर घास उतरायचा न्हाई त्यांच्या गळ्याखाली."

माझी पत्नी गेल्यापासून ते ताट आठवतं. ती मुलाला रागावली, की आम्ही त्याच्यासमोरच भांडायचो.