विहिरीच्या काठावर ऐकलेला शब्द

तर विहीर पाच परस, म्हंजे पाच माणसं एकावर एक उभी राहतील एवढी खोल गेल्ती, काल तिथंच सोडलं होतं मी. वडीगोद्रीच्या शिवारातली, दुष्काळी कामावरची, साल त्रेपन्न. टोळीचा नाईक आमचा पुंजाराम. अंगठाबहाद्दर, पण माती त्याच्याशी बोलायची म्हणा ना! त्याची एक रीतच होती. कडेला भेग दिसली की तिच्यावर ओल्या शेणाचा पट्टा आडवा ओढायचा. पट्टा टिकला तर बिनघोर उतरा; नेमका भेगेवरच चिरला तर दरड हलली समजा.

त्या दिवशी दुपारी पट्टा चिरला. पुंजारामनं ओव्हरसियरला काठावर नेऊन दाखवला, माणसं वर घेऊ का म्हणून विचारलं. ओव्हरसियर नवाच, शहरातून आलेला. त्यानं पट्ट्याकडं पाहिलं, इंग्रजीत एक शब्द बोलला आणि मांडवात जाऊन बसला. खणणं चालूच राहिलं. घटकाभरात दरड कोसळली. खाली बद्रीनाथ होता, पुंजारामचा धाकटा भाऊ. त्याला काढायला दोन दिवस लागले.

चावडीत चौकशी बसली. मी चौथी शिकलेला, म्हणून पंचांत होतो. ओव्हरसियर तोंड वर करून म्हणाला, मला कुणी काही सांगितलंच न्हाई, चूक नाईकाची. काठावर तिसरं माणूस नव्हतं. बद्रीनाथची बायको पुष्पाबाई दाराशी बसलेली. थोरल्या दिराला भेग दिसली कशी न्हाई, एवढंच ती दोन दिवस म्हणत होती.

चौकशीच्या साहेबांनी पुंजारामला विचारलं, "तू सांगितलंस, मग ते काय म्हणाले?"

"बॉश म्हनले."

साहेबांची लेखणी थांबली. तवा आमच्या गावात इंग्रजी येतं कुणाला? त्यांनी अर्थ विचारला. पुंजारामनं न्हाई म्हणून मान हलवली. मंग साहेबांनीच सांगितलं: थोतांड, पोकळ बडबड. शिवी न्हाई, शिकलेली माणसं समोरच्याचं बोलणं उडवून लावायला म्हणतात, चहा पिता पितासुद्धा.

ओव्हरसियर म्हणाला, कुणीतरी पढवलंय त्याला. साहेबांनी विचारलं, कुणाकडून ऐकलास हा शब्द?

पुंजारामनं आधी पुष्पाबाईकडं पाहिलं, मंग साहेबांकडं.

"ह्या ओव्हरसियर साहेबांकडूनच, साहेब. शिकलेला माणूस पट्टा बघून बोलला, मला वाटलं, भेव न्हाई असं म्हनले असतील. म्हनून मीच खाली वाकून बद्रीला सांगितलं, साहेब बॉश म्हनले, खंदत ऱ्हाय."